आघाडी घेताच माघार

फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, भारतीय फुटबॉल संघ सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. ते कोणी आपल्या तोंडावर आपटले नाही. आपणच लावून घेतले. गटात कोण होते? बांगलादेश, हाँगकाँग आणि सिंगापूर. जपान नव्हता, कोरिया नव्हता, इराण नव्हता. या तिघांविरुद्ध चार सामने झाले. पदरात दोन गुण, दोन गोल, शून्य विजय आणि गटातले तळाचे स्थान. ज्या स्पर्धेत पूर्वी १६ संघ असत तिथे २०१९ पासून २४ संघ खेळतात. मांडव एवढा वाढवला, पंगती वाढवल्या, तरी १४० कोटींचा देश दाराबाहेर उभा! ज्याने आपल्याला बाहेर काढले त्या सिंगापूरची लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास आहे, आणि जागतिक क्रमवारीत तो संघ आपल्यापेक्षा वीसहून अधिक पायऱ्या खाली होता.

पराभवाचे आम्हाला फारसे वाटत नाही. फुटबॉलमध्ये हार-जीत असतेच, आणि भारतीय फुटबॉल पाहणाऱ्याला हारीचे नवल वाटायचे दिवस केव्हाच सरले. चीड येते ती कसे हरलो याची. सामन्याच्या १४ व्या मिनिटाला आपल्या छांगटेने लांबून मारलेला फटका जाळ्यात गेला. घरचे मैदान, घरचे प्रेक्षक, हातात आघाडी आणि विजयाची निकड. अशा वेळी कोणताही संघ काय करील? प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर बसून दुसरा गोल काढील. आपण मागे सरलो. ४४ व्या मिनिटाला सिंगापूरच्या सोंग उई-यंगने बरोबरी केली. मध्यंतर झाले. ५८ व्या मिनिटाला त्याच सोंगने दुसरा गोल केला आणि खेळ खलास.

या दोन गोलांच्या मध्ये काय होते ते पाहा. मध्ये एक आख्खे मध्यंतर होते. पंधरा मिनिटे संघ खोलीत बसला, पाणी प्याला, प्रशिक्षक बोलले, फळ्यावर बाण काढले गेले असतील. घाव कोणी घातला हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. तो माणूस मधल्या फळीतून उठून पुढे येतो हेही दिसले होते. त्याला कोण धरणार, आपल्या बचावफळी आणि मधल्या फळीच्या दरम्यानची मोकळी पट्टी कोण बुजवणार, एवढा एकच प्रश्न त्या पंधरा मिनिटांत सुटायला हवा होता. खेळ पुन्हा सुरू झाल्यावर तेरा मिनिटांत तोच माणूस पुन्हा गोल करून गेला. चोर एकदा खिडकीतून आला तर घरमालकाच्या गाफीलपणाला क्षमा आहे. त्याच रात्री त्याच खिडकीतून तो दुसऱ्यांदा आला तर घरमालकाला काय म्हणावे?

आणि ही खिडकी काही मंगळवारीच उघडी राहिलेली नाही. २६ मार्च २०२४, गुवाहाटी. समोर अफगाणिस्तान, विश्वचषक पात्रता फेरी, सुनील छेत्रीचा दीडशेवा आंतरराष्ट्रीय सामना. त्याने ३८ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला, आघाडी घेतली. ७० व्या मिनिटाला बरोबरी, ८८ व्या मिनिटाला पेनल्टी. १-२. पुढे ११ जून २०२४, दोहा. समोर कतार. ३७ व्या मिनिटाला याच छांगटेचा गोल, आघाडी. ७३ व्या मिनिटाला बरोबरी, ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल. १-२. त्या बरोबरीच्या गोलाआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता आणि पंचांनी तरी गोल दिला हा अन्याय होता, यात वाद नाही. पण ८५ व्या मिनिटाच्या गोलाला पंच कारण नव्हते. आता फातोर्डा. आघाडी, बरोबरी, हार, १-२. तीन शहरे, तीन प्रतिस्पर्धी, दीड वर्षाचा काळ आणि तरी निकालाचा आकडा एकच! याला योगायोग म्हणणारा माणूस एक तर फुटबॉल महासंघाच्या पगारावर असावा नाहीतर भाबडा असावा.

मिनिटांचे आकडे तर याहून बोलके आहेत. २०२५ च्या १० जूनला हाँगकाँगमध्ये आपण हरलो ते ९४ व्या मिनिटाला. गोलरक्षक विशाल कैथ पुढे आला, धडक झाली, पेनल्टी गेली. फातोर्ड्याच्या पाच दिवस आधी, ९ ऑक्टोबरला, सिंगापुरात यजमानांच्या इख्सान फंदीने गोल केला तो पहिल्या सत्राच्या जादा वेळेत. फातोर्ड्याला सोंगचा पहिला गोल पूर्वार्धाची शिट्टी वाजायला एक मिनिट उरले असताना. गुवाहाटीत ८८ वे मिनिट, दोह्यात ८५ वे. अर्ध्याचा शेवट आला की आमच्या बचावफळीचे लक्ष घड्याळाकडे जाते आणि समोरच्याचे लक्ष आमच्या गोलकडे. दमसास संपला म्हणून हे होत असेल तर शारीरिक तयारी घेणाऱ्याने उत्तर द्यावे. भीतीने होत असेल तर उत्तर बऱ्याच वरून यायला हवे.

बचाव म्हणजे गोलसमोर माणसांची भिंत, अशी समजूत आपल्याकडे शाळेच्या मैदानापासून महासंघाच्या दिल्लीतल्या फुटबॉल हाउसपर्यंत पसरलेली आहे. ही समजूतच या रोगाचे मूळ आहे. आघाडी मिळाली की काय होते ते नीट पाहावे. पाठची चौकडी दहा पावले मागे येते. मधली फळी तिच्या पाठोपाठ दहा पावले मागे येते. दोन्ही विंगर, ज्यांच्या पायात या संघाची सगळी गती आहे, ते आपापल्या फुलबॅकच्या मदतीला उतरतात. पुढे उरतो एकटा स्ट्रायकर, आणि त्याच्या भोवती तीस-तीस यार्डांत आपला माणूस नाही. मग कोणीतरी चेंडू अडवतो आणि आकाशात भिरकावतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. चेंडू कोणाकडे जातो? समोरच्या सेंटरबॅककडे. तो छातीवर घेऊन शांतपणे खाली ठेवतो, दोन पास होतात, आणि पुन्हा तेच आक्रमण, पुन्हा तीच भिंत. असे दहा वेळा अडवले तरी अकराव्या वेळी कोणाचा तरी पाय चुकणारच. चेंडू आपल्याकडे ठेवणे हा सर्वांत चांगला बचाव आहे, कारण ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला गोल करता येत नाही. हे सांगायला युरोपातून प्रशिक्षक आणावा लागत नाही. पण दडपणाखाली पायाशी चेंडू ठेवायचा तर चेंडू मागणारी माणसे जवळ लागतात, आणि आमची माणसे तर आघाडी मिळताच चेंडूपासून लपू लागतात.

दुसरी गोष्ट भिंतीच्या मागच्या आणि पुढच्या जागेची. भिंत खोल गेली की तिच्या मागे जागा उरत नाही, हे खरे. तिच्या पुढे, पेनल्टी बॉक्सच्या कडेला, मात्र मैदानच्या मैदान मोकळे होते. तिथून उशिरा धावत येणारा मधल्या फळीतला माणूस कोणाचा? सेंटरबॅक म्हणतो माझा नाही, मी स्ट्रायकरला धरले आहे. मधल्या फळीतला म्हणतो माझा नाही, मी चेंडूकडे पाहत होतो. सोंग उई-यंगसारख्या खेळाडूला अशी बेवारस जागा म्हणजे आंदण.

प्रशिक्षक खालिद जमील यांच्यावर खापर फोडायला आता सगळे सरसावतील, काहींनी सुरुवातही केली आहे. आम्ही त्या रांगेत उभे राहणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये या माणसाला जबाबदारी मिळाली. तेरा वर्षांत प्रथमच एका भारतीयाला हे पद मिळाले. त्यांच्या आधीचे भारतीय प्रशिक्षक गोव्याचे सावियो मदेरा. खालिद मुंबईच्या मैदानांवर मुरलेले. मुंबई एफसीसारखा तुटपुंज्या पैशांचा संघ त्यांनी वर्षानुवर्षे आय-लीगमध्ये तगवून धरला, आणि २०१७ मध्ये मिझोरमच्या ऐझॉलला विजेता करून देशाला तोंडात बोट घालायला लावले. ऑगस्टअखेर मध्य आशियातल्या स्पर्धेत त्यांच्या संघाने ताजिकिस्तानला हरवले, सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. हे कर्तृत्व खरे आहे.

पण खरे ते बोललेच पाहिजे. खालिद यांची विद्या ही गरिबाची विद्या आहे. खिशात पैसे नसलेला संघ, समोर धनदांडगा क्लब, मग मागे बसा, अंगावर झेला, लांब चेंडू टाका, एखादी संधी साधा आणि एक गुण घेऊन घरी या. ताजिकिस्तानविरुद्ध हे चालले. ओमानविरुद्ध चालले. तिथे आपण दुबळे होतो आणि दुबळे असल्यासारखे खेळलो, त्यात लाज नाही. फातोर्ड्याला आपण दुबळे नव्हतो आणि तरी दुबळे असल्यासारखे खेळलो, हा गुन्हा आहे. सिंगापूरचा प्रशिक्षकही काही जगविख्यात नव्हे. गॅव्हिन ली हा त्यांचाच पस्तिशीच्या आसपासचा तरुण, तोही तेव्हा हंगामी. म्हणजे देशी विरुद्ध विदेशी प्रशिक्षक हा वादच इथे निकालात निघतो. एक देशी प्रशिक्षक पिछाडीवरून जिंकायला उतरला, दुसरा आघाडी सांभाळायला बसला.

पाच दिवस आधी सिंगापुरात काय झाले होते हेही विसरता कामा नये. तिथे उत्तरार्ध सुरू होताच बचावपटू संदेश झिंगनला दुसरे पिवळे कार्ड मिळाले, दहा जण उरले, आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. देशभर शौर्याचे पोवाडे झाले. तो गोल आला समोरच्या बचावपटूच्या गलथान पासवर, हे कोणी बोलले नाही. झुंज दिली हे मान्य. पण नशिबाने मिळालेल्या गुणाला डावपेचांचे यश समजून आपण फातोर्ड्याला उतरलो आणि तिथे त्या गैरसमजाची किंमत मोजली.

झिंगन कार्डामुळे बाहेर, म्हणून बचाव ढासळला, असा युक्तिवाद कानावर येतो. तो ऐकून हसावे की रडावे? २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषकात झिंगनचा गुडघा गेला, त्यानंतर गुवाहाटी झाले, दोहा झाले, मग सिरियाकडून मायदेशात ०-३ झाले. एका माणसाच्या गुडघ्यावर देशाचा बचाव उभा आहे हे फातोर्ड्याच्या पावणेदोन वर्षे आधीच कळले होते. तेवढ्या काळात दुसरा झिंगन का घडला नाही? तोच प्रश्न पुढच्या टोकाला. छेत्री २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झाला. नऊ महिन्यांनी त्याला परत बोलवावे लागले. फातोर्ड्याच्या वेळी तो ४१ वर्षांचा होता. २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) भारतीयांत सर्वाधिक गोल कोणाचे? त्याचेच, १४. हा छेत्रीचा गौरव आहे आणि बाकी सगळ्यांच्या थोबाडीत आहे.

दुसरा झिंगन आणि दुसरा छेत्री का घडत नाहीत, याचे उत्तर क्लबांच्या खरेदीच्या यादीत आहे. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालत. पुढे ते कमी होत होत चारवर आले. हे चार कुठे खेळतात? एक सेंटरबॅक, एक-दोन मधल्या फळीच्या मध्यावर, एक स्ट्रायकर. म्हणजे संघाचा कणा परका. भारतीय पोरांच्या वाट्याला काय येते? कडा. विंगर व्हा, फुलबॅक व्हा, गोलरक्षक व्हा. सहा फूट उंचीचा, डोक्याने चेंडू जिंकणारा, अकादमीत सेंटरबॅक खेळलेला अठरा वर्षांचा पोरगा क्लबात येतो. त्याच्या जागी स्पॅनिश माणूस उभा असतो, म्हणून पोराला उजव्या फुलबॅकला ढकलतात, नाहीतर बाकावर बसवतात. चोवीसाव्या वर्षी त्याला राष्ट्रीय संघात बोलावतात आणि सांगतात, चल, आज तू मध्यावर उभा राहा, फळी सांभाळ, पुढे-मागे कधी सरायचे ते बाकीच्या तिघांना ओरडून सांग. ज्याने आयुष्यात आज्ञा ऐकल्या त्याने अचानक आज्ञा द्यायच्या! तो घाबरणार. घाबरलेला बचावपटू मागे सरणार. एक सरला की चौघे सरणार. फातोर्ड्याला जे दिसले ते असे वर्षानुवर्षे घडवून आणलेले आहे. छांगटे विंगर, लिस्टन कुलासो विंगर, महेश नाओरेम मूळचा विंगर. या पिढीतली आमची चमकदार माणसे बहुतेक कडेचीच का, याचा विचार निवड समितीने कधी केला आहे काय?

इथे एक पळवाट तयार आहे आणि महासंघाचे पदाधिकारी ती धरायला टपलेले आहेत. सोंग उई-यंग मूळचा दक्षिण कोरियाचा, २०२१ मध्ये सिंगापूरचा नागरिक झाला. हाँगकाँगकडून पेनल्टी मारणारा स्टेफान परेरा जन्माने ब्राझीलचा. बांगलादेशाने इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी आणला. मग आम्हीही परदेशस्थ भारतीयांना खेळवू, की झाले! या मागणीत तथ्य आहे. २००८ पासून सरकारी धोरणाने परदेशी पारपत्रधारकांना राष्ट्रीय संघाची दारे बंद आहेत, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्या कायद्यात नाही. गोव्याइतके हे दुःख कोणाला ठाऊक असणार? पोर्तुगीज पारपत्र घेऊन गेलेल्या किती घरांतली पोरे आज लंडनच्या किंवा लिस्बनच्या उपनगरांत चेंडू मारत असतील. कायदा बदलायचा तर संसदेत बदला, आम्ही पाठिंबा देऊ. पण बाहेरून आणलेला स्ट्रायकर गोल करील. गोल झाल्यावर बाकीचे दहा जण मागे का पळतात, याला त्याच्या पारपत्रात औषध नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता बंबवाल्यांकडे वळू. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे हे स्वतः माजी गोलरक्षक. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत बायचुंग भुतियाला ३३-१ असे हरवले. भारतीय फुटबॉलमधला अलीकडचा सर्वांत एकतर्फी विजय तोच. त्यांच्या राजवटीत २०२३ च्या जानेवारीत ‘व्हिजन २०४७’ नावाचा आराखडा थाटात प्रसिद्ध झाला: २०४७ पर्यंत भारत आशियातल्या पहिल्या चारांत. त्या वर्षी जुलैत संघ जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरांत होता, कुवेतला हरवून दक्षिण आशियाई करंडकही जिंकला होता. सव्वादोन वर्षांत क्रमांक १३० च्या पलीकडे घसरला. पहिल्या चारांत जायचे होते, आज आशियाई चषकातल्या चोवीसांतही जागा नाही. आराखड्याची गुळगुळीत पाने मात्र अजून तशीच चकचकीत असतील.

या काळात प्रशिक्षक किती झाले? इगोर स्टिमॅच यांना २०२४ च्या जूनमध्ये काढले. मग मानोलो मार्केझ आले. ते एकाच वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. सकाळी क्लब, संध्याकाळी देश! एवढ्या मोठ्या देशाला स्वतःचा पूर्णवेळ प्रशिक्षक परवडेना. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. आणि २०२५ च्या जुलैत तेही गेले. प्रत्येकाची शैली वेगळी, प्रत्येकाचा बचाव वेगळा, प्रत्येकाने बचावफळीला नवे धडे दिले. पाठच्या चौघांनी शिकायचे तरी कोणाकडून आणि किती वेळा?

त्यात कहर म्हणजे देशात लीगच चालू नव्हती. २०२४-२५ चा आयएसएल हंगाम एप्रिलमध्ये संपला. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. नवा करार वेळेत झाला नाही, म्हणून २०२५ च्या जुलैत लीग बेमुदत थांबवली. करार २०२५ मध्ये संपणार हे २०१० मध्ये सही करतानाच माहीत होते! काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले, प्रशिक्षणे थांबवली. महासंघाच्या घटनेचा खटला २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात रेंगाळत होता. त्यातच २०२२ मध्ये फिफाने निलंबनाची नामुष्की आणली. न्यायालयाने घटना मंजूर केली ती २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, आणि महासंघाने ती स्वीकारली ती फातोर्ड्याच्या सामन्याच्या दोन दिवस आधी. सहा महिने जे खेळाडू स्पर्धात्मक फुटबॉल धड खेळलेले नव्हते, त्यांच्याकडून ४४ व्या मिनिटाला ताजे पाय आणि शाबूत डोके मागण्याचा अधिकार आपल्याला होता का? बचावफळी ही सवयीने बनते. चार माणसे आठवड्यामागून आठवडे शेजारी उभी राहतात तेव्हा एकाने पाऊल उचलताच दुसऱ्याला कळते. ती सवय शिबिरात दहा दिवसांत लागत नाही.

हा पराभव फातोर्ड्यात व्हावा यात एक दुष्ट विनोद आहे. भारतीय बचावाचे एक जुने घराणे म्हणजे हाच प्रांत. गोलमध्ये ब्रह्मानंद शंखवाळकर, पुढच्या पिढीत पाठीशी महेश गवळी आणि समीर नाईक. आर्मांदो कुलासोंच्या धेंपोने पाच वेळा देशाचे विजेतेपद आणले. त्या संघाच्या बचावाला पळायची सवय नव्हती. तो चेंडू खाली ठेवून खेळायचा. पुढे काय झाले? २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले, कारण नव्या रचनेत त्यांना वर चढायची शिडीच ठेवली नव्हती. देशाला पाच विजेतेपदे देणारा क्लब दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये परत यायला आठ वर्षे लागली. २०२४-२५ च्या आय-लीगचा चषक आधी चर्चिल ब्रदर्सच्या हातात दिला, मग जुलैत स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने तो इंटर काशीचा ठरवला. ज्यांना विजेता कोण हे धड सांगता येत नाही ते विजेते घडवणार!

महाराष्ट्राने तरी गोव्याकडे बोट दाखवू नये. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये गुंडाळला गेला. पुणे एफसी गेला, डीएसके शिवाजीयन्स गेला, एफसी पुणे सिटी गेला, खालिद यांचा मुंबई एफसीही गेला. रोव्हर्स चषक इतिहासजमा झाला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आजही पेठांच्या संघांसाठी माणसे जीव टाकतात. पाटाकडील आणि दिलबहार भिडले की शहर दोन तटांत विभागते. तिथून अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. त्याच्या मागे कोण? जिथे एवढी गर्दी, एवढी रग, एवढे पायातले कौशल्य, तिथल्या बारा वर्षांच्या पोराला वर्षातून नेमाने किती सामने मिळतात हे राज्य संघटनेने एकदा जाहीर करावे. पेठेची ईर्ष्या पुष्कळ आहे. त्या ईर्ष्येला तालमीच्या गल्लीतून देशाच्या संघापर्यंत नेणारा रस्ता नाही.

हे सगळे अशक्य आहे, आमच्या रक्तातच फुटबॉल नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी २०२५ च्याच ५ जुलैची एक संध्याकाळ सांगतो. थायलंडमधले चियांग माई. महिलांच्या आशियाई चषक पात्रतेचा निर्णायक सामना. समोर यजमान थायलंड, क्रमवारीत आपल्याहून कितीतरी वर. संगीता बासफोरने २८ व्या मिनिटाला गोल केला, आघाडी. उत्तरार्ध सुरू होताच बरोबरी. अगदी आपल्या ओळखीची कथा! आता मागे सरायचे, ८५ व्या मिनिटाची वाट पाहायची. भारताच्या मुली मागे सरल्या नाहीत. ७४ व्या मिनिटाला त्याच संगीताने दुसरा गोल केला आणि २-१ असा विजय घेऊन त्या आशियाई चषकाला पात्र ठरल्या. महासंघ तोच, देश तोच, पैसा पुरुषांच्या तुलनेत चिमूटभर. ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालच्या मुलींनीही पात्रता मिळवली. पुरुष संघाच्या सामन्यांआधी बचावाच्या चित्रफिती दाखवतात म्हणे. एकदा ही दाखवावी.

मग करायचे काय? पहिले, खालिद जमील यांना हाकलू नका. आणि त्यांना मोकळेही सोडू नका. दोन वर्षे एकाच पद्धतीने बचाव कसा करणार ते त्यांच्याकडून लेखी मागून घ्या: आघाडी मिळाल्यावर फळी कुठे उभी राहील, दोन फळ्यांमधली जागा कोण सांभाळील, पुढचे तिघे कितीदा खाली उतरतील. बचावासाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमा. महेश गवळी आणि समीर नाईक ही गोव्यातलीच दोन माणसे त्या लायकीची आहेत. दुसरे, लीगमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या तीनवर आणा आणि मधल्या दोन सेंटरबॅकपैकी एक व स्ट्रायकर यांतली निदान एक जागा बावीस वर्षांखालच्या भारतीयाला सक्तीची करा. क्लबमालक ओरडतील. ओरडू द्या. त्यांच्या करमणुकीसाठी देशाचा कणा भाड्याने दिलेला नाही. तिसरे, राज्य संघटनांना मिळणारे अनुदान त्यांनी घेतलेल्या वयोगटाच्या सामन्यांच्या संख्येशी बांधा. बैठकांच्या, सत्कारांच्या आणि विमानाच्या तिकिटांच्या हिशेबाशी नको. आणि अध्यक्षमहोदयांनी त्या ‘व्हिजन’मधली फक्त पहिली दोन वर्षे काढून त्यांचा हिशेब छापावा. २०४७ चे नंतर बघू.

फातोर्ड्यानंतरचा सामना १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात, बांगलादेशाविरुद्ध होता. पात्रतेच्या दृष्टीने त्याला कवडीची किंमत नव्हती, आणि म्हणूनच तो मोलाचा होता. हरण्यासारखे काही उरलेले नाही तेव्हा तरी भीती कशाची? २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नौशाद मूसांच्या तेवीस वर्षांखालच्या संघाने बहरीनला २-० असे हरवले. अशा सामन्यांना त्यातली पोरे न्या, पाठच्या फळीत उभी करा आणि नव्वद मिनिटे मधल्या रेषेच्या जवळ राहून खेळायला लावा. तीन गोल खाल्ले तरी चालतील. यापुढे आपला पहिला गोल झालाच, तर पुढच्या पंधरा मिनिटांत आपली बचावफळी कोणत्या दिशेला पावले टाकते, एवढेच आम्ही टिपून ठेवणार आहोत.